ओळंब्याची सावली

वणी,
३० जून १९६३

प्रिय प्रभा,

सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज कागदाचे ताव घेऊन बसले आहे, याचं तुला नवल वाटेल. रागही येईल. येऊ दे, पण मधेच घडी घालून ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच. राजूरला खाणीच्या चाळीत आपली घरं भिंतीला भिंत लागून होती. बारा-तेरा वर्षांची तू माझ्या ओट्यावर बसून मला बाराखडी शिकवायचीस. मी वैतागून पाटी सारली की म्हणायचीस, "भाभी, इथवर आल्या तं आता ओळ पुरी करा." तेवढ्या बाराखडीवर मी पुढे वाचनालयातली दोन कपाटं वाचून काढली. आता डोळ्यांना चष्मा लागला आहे आणि डोक्याला ताप.

तापाचं कारण सांगते. आमच्या मोहल्ल्यातली नवी मशीद जोत्यापासून उखडून पुन्हा बांधायला घेतली आहे, आणि हे झालं आमच्या गौहरमुळे. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती दोन वेण्यांची होती, आता सतरा वर्षांची आहे. तिच्या अब्बांचे चुलतभाऊ रहेमानभाई तुला आठवत असतील, विहिरी आणि पूल बांधायचा ठेका घेणारे. कापूस विकून लोकांच्या हातात पैसा येतो डिसेंबरात, म्हणून जिनिंगमागच्या वस्तीत मशीद बांधायचं ठरलं तेही डिसेंबरातच. नमाजाची दिशा मक्केची, आणि मक्का आपल्याकडून मावळतीला, एवढं सगळ्यांना पाठ. रहेमानभाईंनी संध्याकाळी बांबू रोवला, बुडत्या सूर्यावर नेम धरला, दोरी ताणून चुन्याची रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी पाया खोदायला घेतला. थंडीत सूर्य मावळतो कुठे, हे कुणी विचारलं नाही. रोज संध्याकाळी अंगणात चूल पेटवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं की त्या दिवसांत तो डावीकडे सरकतो, पार नाल्याच्या पलीकडे. मलाही ठाऊक होतं. मीही बोलले नाही.

गौहरच्या डोक्यात मात्र ते बसलं. तिला शाळेत गणित आणि शास्त्र शिकवणारे पुंडलिकराव मास्तर आहेत, त्यांनी सांगितलं होतं की सूर्य वर्षातून दोनदा मक्केच्या बरोबर माथ्यावर येतो. तेव्हा जिथे जिथे ऊन असेल तिथे उभ्या वस्तूची सावली मक्केच्या थेट उलट पडते. पोरीनं नकाशातून अक्षांश काढले, मास्तरांच्या पंचांगातून दिवस काढला, रेखांशावरून वेळ काढली: अठ्ठावीस मे, दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. दुसरा दिवस जुलैत येतो, पण तेव्हा आपल्याकडे ऊन कुठलं. त्या दुपारी सगळा मोहल्ला ओले पडदे लावून झोपला होता. आम्ही मायलेकी डोक्यावर ओढणी घेऊन जोत्यात उभ्या. तिनं तीन काठ्यांची तिवई केली, मधोमध अब्बांचा ओळंबा दोरीनं लोंबता सोडला. मी त्यांचं घड्याळ हातात धरून उभी, हॉटेलातल्या रेडिओवर मिळवून आणलेलं. वेळ झाली तशी दोरीची जी सावली जमिनीवर पडली होती तिच्यावर पोरीनं चुना टाकला. रहेमानभाईंची भिंत आणि ती रेघ यांच्यामध्ये माझे दोन्ही हात फाकवले तरी मावेना एवढी फट होती. मास्तरांनी नंतर कोन मोजला, तीस अंशांच्या वर भरला. गौहरनं शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला. आमची भिंत जाते आफ्रिकेतल्या मोंबासा बंदराकडे.

हे ऐकून रहेमानभाई घरी आले. खाटेवर बसले नाहीत, उभ्यानंच सुरू झाले. "काहून भाभी, आता पोरीनं आम्हाले दिशा शिकवाची राह्यली काय? बत्तीस विहिरी बांधल्या मी, सात पूल बांधले, एक बी वाकडा नाही." मी म्हटलं, "भाऊ, विहिरीले दिशा नसते." ते गेले, पण तेव्हापासून मोहल्ल्यातली माणसं त्यांच्या पाठीमागे त्यांना मोंबासावाले म्हणतात. त्याचाही राग माझ्याच खात्यावर. पंधरा दिवस दुसरं काही चाललं नाही. एक म्हणायचा, बापजाद्यांनी असंच बांधलं, त्यांच्या नमाजा वाया गेल्या काय. दुसरा म्हणायचा, होकायंत्र आणा. तिसरा म्हणायचा, होकायंत्र विलायती, त्यावर भरवसा कसा ठेवायचा. हा तिसरा माणूस रोज विलायती डिझेल इंजिनावर सरकी फोडतो, बरं का. मला हसू येईना, रडू येईना.

शेवटी अकोल्याकडून एक म्हातारे मौलवी बोलावले. मी धसका घेऊन बसले होते, पण प्रभा, त्या दिवसांत सरळ बोललेला माणूस तो एकच. त्यांनी पडद्याआडून गौहरला सगळं विचारलं, दोनदा विचारलं. मग बाहेर बैठकीत म्हणाले की न कळता थोडी दिशा चुकली तर पढलेली नमाज वाया जात नाही, ज्यांनी पढली त्यांनी चिंता करू नये. पण कळल्यावर चुकीची भिंत उभी करणं हा अडाणीपणा. आणि ही सावलीची रीत काही विलायती नाही, आपल्याच जुन्या जाणत्यांनी पुस्तकांत लिहून ठेवली आहे, तुम्ही पुस्तकं बांधून कपाटावर ठेवलीत आणि बांबू हातात घेतलात. एवढं बोलून चहा प्याले आणि गाडीला गेले. दुसऱ्या दिवसापासून जोतं फोडायला घेतलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुला पत्र लिहिलंच नसतं. नव्या पायाचा दगड बसवला तेव्हा जलसा झाला, आणि रहेमानभाईंनी अर्धा तास भाषण केलं. बगदादमध्ये दवाखाने कसे होते, ताऱ्यांची कोष्टकं कुणी केली, बीजगणित जगाला कुणी दिलं. सगळं खरं, मीही वाचलं आहे. पण दरवर्षी ऐकते. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे पराक्रम आमची माणसं अशा थाटात सांगतात की जणू काल रात्री जागून यांनीच केले. आणि दिशा कुणी काढली? तर "एका जाणत्यानं". पोरीचं नाव नाही. ती माझ्या शेजारी कनातीमागे बसून शेंगा सोलत होती, तिला त्याचं काही नव्हतं. राग मलाच आला. मी वर्तमानपत्रात वाचते की मिसर देशात नाईलवर डोंगराएवढं धरण बांधताहेत, कैरोच्या हजार वर्षं जुन्या मदरशात आता वैद्यकी आणि इंजिनिअरी शिकवायची ठरली, मुलींनाही घ्यायचं ठरलं. हे मी रहेमानभाईंना कात्रण काढून दाखवलं. म्हणाले, "ते तिकडले मोठे लोक, भाभी. आपलं वणी हाय."

जलशानंतर चौथ्या दिवशी ते मिठाई घेऊन आले. त्यांच्या साळ्याचा मुलगा, टायरचं दुकान, स्वभावानं गरीब. गौहरसाठी. वर म्हणतात, "पोरगी हुशार हाय, दुकानाले कामी येईन." त्याच दिवशी सकाळी तिचा मॅट्रिकचा निकाल लागला होता, पहिला वर्ग, गणितात शाळेत पहिली. तिला नागपूरला कॉलेजात शास्त्र शिकायचं आहे. मी सांगितलं. रहेमानभाईंनी मिठाईच्या पुडीचा दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाले, "मले वाईट नोका समजू भाभी. गुलाम नबी माहा भाऊ, त्याची पोर म्हणजे माही पोर. पण एकटी पोर शहरात ठेवली तं चार लोकं काय म्हणतीन?" नागपुरात मोमिनपुऱ्यात त्यांचे नातेवाईक आहेत, दोन खोल्या रिकाम्या आहेत. त्यांच्या शब्दावाचून तिथे दार उघडणार नाही, आणि शब्द ते देणार नाहीत. मुलींच्या वसतिगृहात यंदा जागा उरली नाही. पुंडलिकराव मास्तर स्वतः जाऊन विचारून आले. फॉर्मवर पालक म्हणून मीच सही केली, तू शिकवलेल्या अक्षरांत.

या चार लोकांचा मला इतका वीट आला आहे की काय सांगू. पण खरं सांगायचं तर माझं सगळं आयुष्य त्यांच्याच मर्जीनं गेलं. गौहरचे अब्बा तापानं पडले त्याला चार वर्षं झाली. विषमज्वराची लक्षणं मी पुस्तकात वाचलेली होती. जिभेचा रंग बघून मला पहिल्याच दिवशी शंका आली. पण घरात माणसं जमली, कुणी फुंकलेलं पाणी आणलं, कुणी धागा बांधला. बाईनं मधे तोंड घालून डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणतील, हिला पुस्तकांची मस्ती आली. मी तीन दिवस गप्प बसले. चौथ्या दिवशी डॉक्टर आले, त्यांनी मला एकच विचारलं, आधी का नाही बोलावलं. फुंकलेल्या पाण्यानं ते गेले असं मी म्हणत नाही, पाणी श्रद्धेनं आणलं होतं. मी गप्प बसले, एवढंच म्हणते. अजून रोज सकाळी दोन कप चहा टाकते आणि दोन्ही मलाच प्यावे लागतात.

आणि त्याच्याही आधी मी एकदा गप्प बसले होते, ते तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. सत्तावन्न सालचा जून. तुझे वडील डोमाजीभाऊ तुला घेऊन आमच्या इथल्या घरी आले होते. तुला वणीच्या शाळेत घालायचं होतं, मॅट्रिकपर्यंत दोन वर्षं आमच्याकडे ठेवा म्हणाले, धान्य आम्ही पोचवू म्हणाले. मी म्हटलं, घर लहान आहे. घर लहान नव्हतं, प्रभा. मागची खोली रिकामी होती, तिच्यात नुसत्या गोवऱ्या होत्या. आदल्या वर्षी तुम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालात. शेजारणींनी तेवढ्यावरून मला ऐकवलं होतं, धर्म बदलला म्हणून जात जाते काय, ती पोर राहिली तर तुझ्या माठातलं पाणी आम्ही पिणार नाही. आमच्यात जातपात नाही म्हणून आम्ही मिरवतो, आणि मी त्या माठाला भ्याले. गौहरचे अब्बा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. तू दोन वर्षं राजूरहून रोज पायी वणीला आलीस आणि गेलीस. पावसाळ्यात तुला आमच्या घरावरून जाताना मी खिडकीतून पाहायचे. एकदा तू थांबून चप्पल हातात घेतलीस, वर पाहिलंस, आणि मी पडदा सोडला. माझं तुला पत्र न येण्याचं कारण दुसरं काही नाही.

आता तू शिक्षिका झालीस, देवरावभाऊजींसारखा समजूतदार माणूस मिळाला, नागपुरात कॉलेजच्या जवळच दोन खोल्यांत राहता, हे मला मास्तरांकडून कळलं. हे पत्र टपालानं आलेलं नाही, ते तू पाहिलंसच. ज्या मुलीनं ते तुझ्या हातात दिलं ती गौहर. पुंडलिकराव मास्तर तिला पोचवायला आले आहेत आणि तुझं वाचून होईपर्यंत ते चहाच्या टपरीवर थांबतील, असं ठरलं आहे. तिला वर्षभर ठेवशील का, एवढंच विचारायला हे सगळं लिहिलं. ती भाकरी थापते, पहाटे उठते, नमाजाला तिला एक कोपरा पुरतो. घर लहान आहे असं तू म्हणालीस तर ते खरंच असेल, माझ्यासारखं नसेल, आणि मास्तर तिला संध्याकाळच्या मोटारीनं परत आणतील. मी तुला बोल लावणार नाही. तुझ्याकडे येते आहे हे तिला माहीत आहे. मी तुला तेव्हा काय उत्तर दिलं होतं ते तिला माहीत नाही, मला सांगवलं नाही. आत घेतलंस किंवा परत पाठवलंस, तरी ते तिला तूच सांग.

तू म्हणशील तर तुझीच,
सुग्राभाभी