बोथट सुरी

चाचा, माझे वरचे दोन दात तुम्ही पाडलेत ते लोखंडी डावाने. कॅम्पातले लोक अजून पितळी म्हणतात, म्हणून आधी ते दुरुस्त करतो. पितळी डाव डाळीत होता. मी समोर होतो, मला ठाऊक.

त्या आठवड्यात इथे आखातात, दुखान गावाजवळ तेलाच्या विहिरीवर साखळी तुटली आणि वर टांगलेला पाइप माझ्या धाकट्या भावाच्या छातीवर आला. रत्नागिरीहून त्याला मीच बोलावून घेतलं होतं. दफन झालं तेव्हा आपली माणसं म्हणाली, अल्लाची मर्जी. साहेब म्हणाला, बॅड लक. मला दोन्ही पटलं नाही. साखळी गंजली होती. त्याच्यामागे आणखी काही नव्हतं. त्या दिवसापासून मी अन्नाला शिवलो नाही. मेसच्या मागच्या दारात बसलोय, तुम्ही ताट पुढे सरकवता.

"खा."

"कशासाठी खायचं, चाचा? जगायचं तरी कशासाठी?"

"मला काय विचारतोस, मेल्या? मी भंडारी. जन्मभर जहाजावर चूल सांभाळली. भात निवतोय, तेवढं मला कळतं."

मी ताट लाथाडलं आणि डाव तोंडावर आला. पडलो तशी तुम्ही छातीवर गुडघा रोवलात आणि रक्ताने भरलेल्या तोंडात वाळू लागलेला भात बोटांनी कोंबलात. "गीळ! मरायचं तर पोट भरून मर. माझ्या मेसमधून उपाशी गेला, असं कोणी म्हणता नये." मी तुमचं बोट हाडापर्यंत चावलं. तुम्ही कोंबतच राहिलात.

दुसऱ्या सकाळी मी उठलो तो तुम्हाला मारायचं म्हणून. दुसरं कारण नव्हतं, पण तेवढं पुरलं: तोंड धुतलं, पाणी प्यालो, सुरी शोधली. तुम्ही मेंढा कापायच्या तयारीत होता, बोटाला चिंधी. माझ्या हातातलं पाहिलंत आणि हात पुढे केलात. "आण बघू." अंगठ्याने पातं चाचपून थुंकलात. "ह्याने मारणार? बोथट सुरीने जिवाला तडफडवणं गुन्हा आहे रे, कोणी शिकवलं नाही? बस तिकडे, धार लाव. जनावरासमोर लावू नये म्हणतात. पण आज जनावर मीच, आणि माझी हरकत नाही."

मी बसलो. धार लावली ती मारायलाच, ह्यात शंका ठेवू नका. दगड पाण्याने ओला ठेवायचा. पातं झोपवून, मुठीकडून टोकाकडे, एका दमात. पातं जरा उभं झालं की तुमची लाथ पाठीत. शेवटी कांद्याची साल पात्याच्या नुसत्या वजनाने कापली गेली. मी उठलो. तुम्ही मान वर करून गळा उघडा केलात.

"यल्ला, चल, उरक. की आधी मेंढा? माणसं भुकेली आहेत."

मी मेंढा कापला.

इंग्रजी मी डब्यांवरची लेबलं वाचून शिकलो. हिशेब, ट्रक चालवणं, हे शुद्ध मराठी लिहिणंसुद्धा माझं मी. कुणाचे उपकार नाहीत. धार तेवढी तुमची.

पुढे एका हिवाळ्यात पाण्याचा टँकर उलटला आणि तुम्ही खाली सापडलात. चाक वाळूत घसरलं, बस्स. त्या दुपारी पोरं ताटं धरून नुसती बसून राहिली. मी डाव उचलला. तेवढ्यात एक जण म्हणाला, "खा रे बाबांनो, आधी ह्याचे दात बघा!" कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळे जेवायला लागले. मीसुद्धा.

आता मेस माझ्या हाताखाली आहे. भावाच्या मरणाचा अर्थ मला सापडलेला नाही, तुमच्याही नाही. शोधणं मी सोडलं. हे पत्र टाकायला जागा नाही, असती तरी टाकलं नसतं. लोक म्हणतात, त्या म्हाताऱ्याने तुला जगवलं, आता तरी माफ कर. चाचा, अजून केलेलं नाही. पहाटे तुम्हाला एक कचकचीत शिवी हासडतो, मगच अंथरुणातून पाय खाली टाकतो. माफ केलं तर दुसऱ्या दिवशी उठेन की नाही, ह्याची मला खात्री नाही.