धुक्यात पुढे चालणारा

२० जुलै १९३६, नाशिक
नोकरी लागली! नाशिक–पेठ मोटरवर कंडक्टर. काल सटाण्याहून आलो, पंचवटीत अनसूयाकाकूंकडे खोली घेतली. त्यांना हौसेने सांगितलं, आता रोज सावळघाट बघायला मिळणार. त्या भाकरी थापत राहिल्या. खाकी कोट ढगळ होतो, पण चामडी पिशवी गळ्यात अडकवली की ऐट येते. ड्रायव्हर खलीलमियाँ पन्नाशीचे, दाढी मेंदीने रंगवलेली. नमस्कार केला तर पाठ फिरवून रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागले. हळूहळू बोलतील.

२३ जुलै
घाटात धुकं उतरलं की कंडक्टरने पाठीवर पांढरं फडकं बांधून पुढे चालायचं, आणि ड्रायव्हरने त्या फडक्याच्या मागोमाग मोटर हाकायची. चढताना डोंगर डावीकडे, त्याच्या कडेने पाण्याची चारी, उजवीकडे दरी. खलीलमियाँनी आज प्रथम तोंड उघडलं. "चारी सोडू नको. मागं बघायचं नाय. तू वळलास की मला वाटेल रस्ता वळला."
करंजाळीच्या नवसाबाई भाजीची पाटी घेऊन नेहमी येतात. माझ्या हातून तिकीट घेईनात. "त्याच्या जागी आलास का रं तू?" म्हणाल्या. कोणाच्या, ते सांगेनात. त्यांच्या बाकावरचे उतारूही सरकून लांब बसले.

२४ जुलै
काकूंकडून कळलं. गेल्या श्रावणात आमच्याच मालकाची दुसरी एक मोटर धुक्यात दरीत गेली. कंडक्टर शामसुंदर फडकं बांधून पुढे चालत होता. त्याची चारी सुटली असावी; तो गेला, आणि फडक्यामागोमाग मोटरही. कोणी वाचलं नाही. शामसुंदर याच खोलीत राहायचा. हे आधी का नाही सांगितलं, विचारलं, तर काकू माझ्यावरच उखडल्या. सांगितलं असतं तर राहिला असतात का, म्हणाल्या.

२९ जुलै
पेठहून परत येताना घाटात दाट धुकं. फडकं बांधून निघालो. मागे इंजिनाची घरघर इतकी जवळ की पोटऱ्यांना ऊब लागत होती. वळून पाहिलं नाही. घाटमाथ्याच्या चौकीशी पोचून वळलो. रस्ता रिकामा.
खलीलमियाँ बऱ्याच वेळाने आले, संतापलेले. फडकं दिसेना म्हणून खालच्या वळणावरच मोटर उभी केली होती, हाका मारल्या, मी थांबलोच नाही म्हणे. उतारूंनी शिव्या घातल्या.
मी घरघरीचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.
मग माझ्यामागे काय येत होतं?

३१ जुलै
पुन्हा धुकं. आज खलीलमियाँ सतत भोंगा वाजवणार होते. भोंगा दूर खाली राहिला. घरघर पाठीशीच. तिच्यात माणसांची कुजबूज, एका बाईचं रडणं. कोणीतरी कानाशी म्हणालं, उजवीकडे चल.
मी चारीत अंग टाकलं. खलीलमियाँनी येऊन उठवलं, प्रथमच पाठीवर हात ठेवला.
मालकाला म्हटलं, धुक्यात मोटर सोडू नका. घाबरटाने कोट काढून ठेवावा, म्हणाला.

२ ऑगस्ट, घाटमाथ्याची चौकी
तापाने फणफणलोय. सकाळी जाताना खलीलमियाँनी मला इथे उतरवलं. परतताना नेतील. धुकं आलंच तर पायथ्याशी थांबतील. पुढे माणूस नसेल तर मोटर हलवणार नाही, असं शपथेवर सांगून गेले. चौकीदार गावात गेलाय. एकटाच आहे.

दुपार. धुकं. समोरचं झाड दिसत नाही.

भोंगा — खलीलमियाँचा. वर येतोय. पण ते तर थांबणार —

धुकं क्षणभर फाटलं. खालच्या वळणावर पांढरं फडकं. खाकी कोट. कोणीतरी पुढे चालतंय, मागे मोटर. माझं फडकं इथे, उशाशी. त्यांना वाटलं असेल, मीच खाली उतरून आलो —

ओरडलो. ऐकू जात नाही. आत नवसाबाई असतील —

त्या पुढच्याने चारी सोडली. उजवीकडे —

दाराबाहेर ती घरघर. माझ्यासाठी थांबलीय.

फडकं बांधलं. धावतो, त्याच्या नि मोटरच्या मध्ये घुसतो. दोन फडकी दिसली तर खलीलमियाँ कोणाच्या मागे —