हलकी बंदूक घेऊ नकोस

देवदत्त,

राइस कुकर टुणटुणला आणि बाळ चुळबुळलं. ते उठायच्या आत लिहिते. आज सेंदाई शहरात शिकारीची एअरगन ठरवायला जातोयस, तर हलकी म्हणून साडेचार मिलिमीटर गोळीची घेऊ नकोस. परवाना त्या एकाच बंदुकीचा निघतो, बदलायची म्हणजे सगळे कागद पुन्हा. परवा तू शेजारच्या ओनोदेरा-सानांबरोबर शिकारीला गेलास, तेव्हा त्यांची तसलीच गोळी लागून बदक मेलं नाही, लव्हाळ्यात फडफडत गेलं. त्या रात्री तू नीट जेवलाही नाहीस. मी वाचलंय, बदकाला निदान साडेपाचची आणि चांगल्या जोराची लागते. तीही लांबून मारू नकोस.

काय लिहितेस, म्हणून आपल्या थोरल्या उत्तराने विचारलं, तर मी सगळं सांगून बसले. आता ती विचारतेय, “आई, मोठी गोळी लागली की कमी दुखतं?”