अण्णांच्या बैठका

तीर्थरूप अण्णा,

पनवेलहून रेवाचा नमस्कार. मी मजेत आहे, मेसचं जेवणही बरं आहे. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितेय.

अटॅकनंतर महिनाही झाला नाही आणि तुम्ही तालमीत बैठका सुरू केल्यात, असं आई म्हणाली. मांडी आखडली की तेल चोळून पुन्हा बैठका, ही तुमची रीत. पण अण्णा, कॉलेजात सध्या हेच शिकतेय. मांडीचा स्नायू दुखावला तरी भरून येतो. हृदयाचा मेलेला भाग भरत नाही, तिथे नुसता वण राहतो.

गोळ्या घेता ना? आईला झोप लागते का? मी तर लेक्चरमध्ये फोन थरथरला तरी दचकते.

मांडी थकली की तुम्ही बसता. हृदयाला बसता येत नाही. त्याच्या वाटचं तुम्ही बसा ना, अण्णा.

तुमचीच,
रेवा