सुई परवान्याला, ताप हसिनाला

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
पर्यटनस्थळ खाद्यविक्रेते लसीकरण कक्ष,
लोणावळा विभाग.

अर्जदार : रुपाली सोपान ओव्हाळ, चहा-भजी टपरी, लेण्यांचा पायथा, भाजे, ता. मावळ.

विषय : प्रत्यक्ष भजी करणाऱ्या बारा जणींना टायफॉइडची लस देण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १६ मे २०२५ चे पत्र : "मदतनीस महिलांचा समावेश करता येत नाही."

महोदय,

१. दि. ६ मे रोजी आपण आमच्या पायथ्याला शिबिर घेतले. यादी परवान्यांवरून केली होती. बारा टपऱ्या, बारा परवाने, बाराही पुरुषांच्या नावावर. म्हणून सुया पुरुषांना. कांदा चिरणे, पीठ कालवणे, पिंपातले पाणी काढणे आणि गिऱ्हाइकाच्या हातात प्लेट देणे ही कामे बायका करतात. ते दिसायला आपल्या लोकांना नुसती मान वळवावी लागली असती. तेवढी तसदी कोणी घेतली नाही.

२. माझे पती कंपनीत पाळीवर जातात. वर्षभरात टपरीवर तीनदा आले, तिन्ही वेळा खायला. त्यांना लस मिळाली. शेजारच्या टपरीचे सरदारभाई टेम्पो चालवतात. त्यांना कान्ह्याहून भाडे सोडून बोलावून घेतले. गेणूआबा सांगत होते, "मला कशापायी टोचताय? म्या उभ्या जन्मात भजं तळलं न्हाई." त्यावर आपले कर्मचारी, "आबा, परवाना तुमचाच ना? मग बाही वर करा." बाही त्यांच्या सुनेने वर धरली, जी रोज शंभर प्लेट तळते. शिबिरात आम्हा बायकांना काम ते तेवढेच. नाही, आणखी एक होते : आपल्या सात माणसांनी पंधरा प्लेट भजी खाल्ली. लस न घेतलेल्या हातची.

३. एक सुई उरली. बारावे परवानाधारक दोन वर्षांपूर्वी वारले. आपल्या यादीत त्यांच्यापुढे "गैरहजर" असा शेरा आहे. सरदारभाईंच्या पत्नी हसिना पुढे होऊन म्हणाल्या, "उरलीच हाय तर मला टोचा की. आमचं पिंप मीच भरते." उत्तर मिळाले, "मावशी, ज्याच्या नावाची त्यालाच." आणि सुई बर्फाच्या डब्यात घालून परत नेली. मयताच्या हक्काला एवढे जपणारे कार्यालय मी प्रथमच पाहिले.

४. १५ मेपासून हसिना तापाने आडव्या आहेत. रक्त तपासले, टायफॉइड निघाला. त्या दिवशी सुई मिळाली असती तर ताप टळलाच असता, असा माझा दावा नाही; लस लागू पडायला दोन आठवडे लागतात हे आपल्याच पत्रकात छापले आहे. पण त्या घरात टायफॉइडपासून एकाच माणसाचे रक्षण झाले आहे, आणि तो माणूस दिवसभर टेम्पोत असतो.

५. आपण लिहिता, महिलांनी परवाना स्वतःच्या नावावर करून आणावा, मग विचार करू. त्यासाठीचा कोरा अर्ज मी घेऊन आले. सोबत जोडायच्या कागदांत पहिलाच कागद : लसीकरणाचे कार्ड. हे कोणी बसून ठरवले असेल तर त्याच्या बुद्धीला लांबूनच नमस्कार. नवऱ्याला टोचलेली सुई बायकोच्या हातात उतरते, असे कक्षाचे मत असल्यास तसे सही-शिक्क्यानिशी कळवावे. मी ते टपरीवर लावीन. पर्यटकही वाचतील आणि खायचे की नाही ते ठरवतील.

६. आता मुद्दा. हसिनाच्या टपरीवर सध्या माझी मुलगी पायल बसते. वय एकोणीस. दोन्ही टपऱ्यांचे पाणी एकाच टाकीचे. पाणी आम्ही आता उकळून घेतो. पण दिवसाला शेकडो माणसांचे उष्टे उचलणारे हात कुठे उकळायचे? जूनच्या मध्यापासून गर्दी लागेल. तिथून दोन आठवडे मागे मोजावेत. ३१ मेच्या आत सुई मिळाली तर उपयोग, नंतर नुसता शिबिराचा फोटो. हसिना सोडून अकरा बायका आणि पायल, अशा बारा जणी आपण म्हणाल त्या दिवशी, म्हणाल तिथे हजर राहू. चहा-भजी मात्र मिळणार नाही.

७. बारा सुया निघत नसतील तर अकरा आणाव्यात. माझे नाव खोडावे. पायलचे खोडू नये.

आपली, अद्याप ताप न आलेली,

रुपाली ओव्हाळ
भाजे, दि. २२ मे २०२५

सोबत : बारा जणींची नावे व प्रत्येकीचे काम. नवऱ्यांची नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत.