दस्ता दोन बोटं लांब

१२ सप्टें. शुक्र.
नाल्याकडच्या धानाच्या बांधीत सकाळीच रानडुकरं. धान निसवून राहिला अन् हे मुडदे मुळासकट उकरून राहिले. आमचे हे वारले त्याले आठ महिने, बंदूक माह्या नावावर होऊन दोन. आज पहिल्यांदा उचलली. घोडा दबेचना. डुक्कर माह्याकडं पाहत उभा. शेवटी दगड फेकला.

१५ सप्टें. सोम.
भंडाऱ्याले बंदुकीच्या मिस्त्रीकडं गेली. त्यानं उघडली अन् हसला. "बाई, तेल कोनतं टाकलं?"
जवसाचं, म्हनलं. हे दर शनिवारी जवसाच्या तेलानंच पुसत.
"ते लाकडाले. लोखंडात गोंद होऊन बसलं."
वीस वर्षं बाजूले बसून पाहलं, अन् हेच नाही पाहलं.
साफ करून देली. खांद्याले लावा म्हने. लावली तं म्हने, हा दस्ता, खांद्याले टेकते ते लाकूड, दोन बोटं लांब आहे तुमाले, गाल बसत नाही. सासरे उंच, हे उंच, त्यायच्या मापाची बंदूक. दस्त्यावर पेन्सिलनं रेघ मारली. कापू? थांबा, म्हनलं.
"कापलं का वाढत नाही, बरं."
मले मालूम नाही का!

१८ सप्टें. गुरु.
बार उडवला. छर्रे बाभळीत. डुकरं पळाले ते आवाजानं. उजवा खांदा काळानिळा. डाव्या हातानं हळद लावली, पाठीमागं पोचत नाही. कोनी असतं तं... जाऊ दे.

२१ सप्टें. रवि.
भासरे, ह्यायचे मोठे भाऊ, अन् जाऊबाई आले. कापाचं कोनी सांगतलं त्यायले? भासरे माह्याशी सरळ बोलत नाही, रीत आहे. भिंतीकडं पाहून जाऊबाईले सांगतात.
"सांग तिले. बाबाची बंदूक आहे. दसऱ्याले पूजेत बसते. कापली का खंडित झाली. खंडित वस्तूची पूजा होत नाही."
मी बी जाऊबाईलेच म्हनलं, "सांगा त्यायले, डुकरं हळदकुंकू पाहून पळत नाही."
जाऊबाई पदरात हसली. भासरे भिंतीलेच म्हनले, "मंग यंदा पूजा आपल्याकडं. तिच्या घरी कोनी जानार नाही."
दसऱ्याचा एकच दिवस हे घर भरते. बाकी साल मी अन् रेडिओ.

२४ सप्टें. बुध.
रेघ पुसली. काहून पुसली? परत मारली. वाकडी आली.

२ ऑक्टो. गुरु. दसरा
नाही कापली. सगळे आले. भासऱ्यायनं बंदुकीले कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. फोटो काढले. मी पुऱ्या तळल्या, भजे, खीर. पुरलं सगळ्यायले. सोनं देलं, पाया पडले, तासाभरात चपला घालून गेले. बांधीत काय उरलं कोनी इचारलं नाही. लहान्या भाच्यानं तेवढं इचारलं, मामी, बंदूक चालते का? त्याच्या मायनं गप केलं.
पत्रावळी उचलल्या. बंदूक हार घालून कोपऱ्यात, मी खाटेवर.

७ ऑक्टो. मंगळ.
नाल्याकडची बांधी गेली. पूर्ण. आता विहिरीकडच्या दोन राहिल्या, तिकडं बी डुकरायचे पाय उमटले दिसले.
सकाळच्या बसनं भंडारा. बंदूक मिस्त्रीपुढं ठेवली. कापा, म्हनलं.
त्यानं करवत काढली. मंग खाली ठेवली. "घरी इचारलं का?"
"घरी कोन आहे इचाराले?"
"तरी. जुनी चीज आहे बाई. मंग माह्यावर बोल यायले नको. राहू द्या इथं. उद्या दहाले फोन करा. हो म्हनलं का लगेच कापतो."
पावती देली. माह्या नावाची. बसमदी हात कुठं ठेवाचे समजेना.

८ ऑक्टो. बुध.
सकाळीच जाऊबाईचा फोन. "दिवाळीच्या करंज्या तुह्याकडंच करू म्हनतो. येऊ का?" मी म्हनलं, या ना. खोबरं मी किसून ठेवते. बंदुकीचं तिनं काढलं नाही, मी बी नाही.
मंग विहिरीकडं जाऊन आली. कोपऱ्यातली एक बांधी उकरली.
आता दहाले पाच कमी. मिस्त्रीचा नंबर पुढ्यात आहे. ‘हो’ निघन का ‘नाही’, तोंड उघडलं का तवाच मले मालूम होईन.