ओठांच्या उजव्या कोपऱ्यातल्या टाचण्या

३ मार्च

चि. गप्पूस अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या शिलाईच्या दुकानात तासभर बसले, बरं वाटलं. पण तू चहा फुंकून फुंकून का पीत होतास? लहानपणी माझा पेला निवेपर्यंत तू तुझा संपवून माझ्याकडे डोळे लावायचास! विचारलं तर म्हणालास, टाचणी लागली. तोंडात टाचण्या धरून बोलू नये म्हणून आई ओरडून थकली. पण टाचणीची जखम आठ दिवसांत भरते रे. तुझी किती दिवसांची?

काळजीसह,
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू पोलिसात जायला हवी होतीस! जखमेला महिना झाला असेल. दुखत नाही, तिखट तेवढं झोंबतं. आरशात पाहिलं, डाव्या गालाच्या आत पांढरट चट्टा आहे, मध्ये लालसर. तंबाखू सोडून चार वर्षं झाली, त्यामुळे ती भीती नाही. सध्या कामाला उसंत नाही. तुझ्या भाचीचे दोन झगेही बाकी आहेत.

राग नसावा,
गप्पू

१३ मार्च

चि. गप्पूस आशीर्वाद.

दुखत नाही म्हणूनच जिवाला घोर लागलाय. टाचण्या तू ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरतोस, मग टाचणी गाव ओलांडून डाव्या गालाला टोचायला जाते का? डाव्या गालात तुझी तंबाखूची गोळी असायची. मला ठाऊक नाही असं समजू नकोस.

आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तंबाखू सोडलीत ते उत्तम, पण तिने आधी केलेलं लगेच पुसलं जात नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम दाखवायलाच हवी. वेळेत सापडलं तर बरं होण्याची आशा मोठी. झगे थांबतील. उद्याच जा.

लोभ आहे, म्हणूनच ही दटावणी.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

गेलो. तुकडा काढून तपासला. कॅन्सरच आहे, पण लहान. मानेपर्यंत पोचलेला दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने टाचणीला शिव्या देत बसला असतात, तर गोष्ट वेगळी झाली असती. मंगळवारी ऑपरेशन.

तुझ्या भावजयीला सांगितलं. तिने दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्याशेजारी स्टुलावर बसून राहिली. तिच्यासमोर मी विनोद केले. तुला खरं लिहितो, ताई, मी घाबरलोय.

सोमवारीच ये. समजूत घालू नकोस, नुसती जवळ बस.

लोभ पत्रातून नको, या वेळी सोबत घेऊन ये.
तुझा धाकटा